विकायला सगळे, न्यायला कोण?

घरातला धोकादायक कचरा ओळखण्याची सोपी खूण अशी की, घरात त्याला कुणीच कचरा म्हणत नाही. कांद्याच्या सालीबद्दल कुटुंबात एकमत असतं. फुगलेल्या पॉवर बँकेबद्दल नसतं. ती ‘चालते अजून, फक्त चार्ज होत नाही’ या सदरात मोडते. तळाशी दोन बोटं उरलेला ऑइलपेंटचा डबा दाराला पुन्हा एक हात मारायला म्हणून ठेवलेला असतो, आणि दार भाड्याच्या घराचं असतं. मुदत संपलेल्या गोळ्यांबद्दल ‘कंपन्या मुद्दाम अलीकडची तारीख छापतात’ हा सिद्धांत आजोबांपासून नातवापर्यंत विनातक्रार वाहत येतो. कंपनीच्या हेतूवर इतका संशय घेणारं हेच घर त्या गोळ्या कंपनीने परत न्याव्यात अशी मागणी मात्र कधी करत नाही.

भारताच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी या वस्तूंना घरगुती घातक कचरा असं नाव दिलं आणि यादीही जोडली: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेले सेल, सुया आणि सिरिंज. यादी वाचून कुठल्याही मराठी गृहस्थाला आपल्या कपाटाची झडती कुणी आणि कधी घेतली असा प्रश्न पडावा. याच नियमांत असंही लिहिलं होतं की, हा कचरा नागरिकांनी आणून द्यावा म्हणून दर वीस चौरस किलोमीटरमागे एक केंद्र असावं आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात. पुणे महापालिकेची हद्द आता पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हिशोबाने पंचवीसच्या आसपास केंद्रं हवीत. आपल्या घराजवळचं केंद्र कुठे आहे हे न अडखळता सांगू शकणाऱ्या पुणेकराचा महापालिकेने जाहीर सत्कार करायला हरकत नाही.

कतारच्या दोह्यातला फरीज बिन ओमरान या सगळ्यापासून समुद्रापलीकडे असला, तरी कपाटं तीच आहेत. फरीज म्हणजे आळी. ही आळी हमद वैद्यकीय नगरीला लागून असल्यामुळे इथल्या इमारतींत रुग्णालयात नोकरी करणाऱ्यांची घरं बरीच. भारतीयांत केरळी मंडळी पुष्कळ. मराठी घरं त्या मानाने विरळ, पण ओळखायला अवघड नाहीत. पलंगाखाली टीव्हीचं मूळ खोकं थर्मोकोलसकट जपलेलं असेल आणि विचारल्यावर ‘कार्गोला लागेल’ असं उत्तर आलं, तर घर बहुतेक मराठी असतं. टीव्ही जाऊन चार वर्षं झाली असली तरी खोक्याच्या नोकरीला धक्का लागत नाही.

या घरातला घातक साठा दोन देशांतून भरला जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीहून परतताना बॅगेत चकलीची भाजणी, गोडा मसाला आणि वर्षभराची औषधं येतात. औषधं वर्षभराची का, तर डॉक्टरांनी पाच दिवसांची लिहून दिली होती आणि औषधाच्या दुकानातला पोऱ्या ओळखीचा होता. ती खाल्ली जात नाहीत, कारण तब्येत ठीक असते. टाकली जात नाहीत, कारण पैसे मोजलेले असतात. दोह्याच्या हायपरमार्केटमधून येतात ते झुरळांचे फवारे, संडास-बाथरूमसाठी दाहक द्रावणं, ब्लीच, ‘दोनावर एक मोफत’ या योजनेतली एअर फ्रेशनरची बाटली आणि खेळण्यांबरोबर आलेले असंख्य सेल. कतारने 2016 मध्ये जुन्या पद्धतीच्या, भरमसाठ वीज खाणाऱ्या पिवळ्या बल्बांची आयात बंद करायला सुरुवात केली. तेव्हा घरोघर सीएफएल आले, मग एलईडी आले. उतरवलेले सीएफएल मात्र वरच्या कपाटात जाऊन बसले. चालू स्थितीतली वस्तू टाकणं हे मराठी संस्कारांत बसत नाही, आणि उतरवलेला सीएफएल चालू होता की बंद हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

या सगळ्यात भाडेकरू बदलतात, साठा बदलत नाही. नोकरी संपवून मायदेशी निघालेलं कुटुंब फ्रिज विकतं, सोफा देऊन टाकतं, कढईसुद्धा शेजारणीला देऊन जातं. किचनच्या सर्वांत वरच्या कप्प्यातल्या टर्पेंटाइनच्या बाटलीचं नाव मात्र कुणाच्याच यादीत नसतं. नवा भाडेकरू ती पाहतो, झाकण उघडून वास घेतो, परत लावतो आणि शेजारी आपला डांबरगोळ्यांचा डबा ठेवतो. अशा रीतीने बिन ओमरानच्या एकेका स्वयंपाकघरात तीन-चार कुटुंबांचा वारसा एकावर एक रचला जातो, त्यांच्यात एरवी काहीही नातं नसताना.

साठा खरोखर घातक आहे का, हा प्रश्न रास्त आहे, कारण घाबरवणाऱ्या लेखांनी त्याची किंमत पार उतरवून टाकली आहे. वस्तुस्थिती वस्तूगणिक बदलते. रिमोटमधला साधा अल्कलाइन सेल आज पूर्वीइतका घातक राहिलेला नाही. त्यातला पारा 1990 च्या दशकात कायद्यांच्या रेट्याने गेला. एका सीएफएलमध्ये साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शंभराहून जास्त सीएफएलच्या बरोबरीचा. तरीही घाबरतात लोक फुटलेल्या बल्बला. थर्मामीटर फुटला की पाऱ्याचे गोळे तळहातावर खेळवून मुलांना विज्ञान शिकवलं जातं. लिथियमच्या बॅटऱ्यांचं प्रकरण सर्वांत गंभीर. चेपली, टोचली किंवा फार तापली की ती स्वतःच उष्णता निर्माण करू लागते, त्या उष्णतेने आणखी तापते आणि पेट घेते. कचऱ्याच्या गाड्यांना आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रांना लागणाऱ्या आगींमागे जगभर हेच कारण वाढतं आहे. दोह्यात जुलै-ऑगस्टमध्ये सावलीतला पारा पंचेचाळीसपर्यंत चढू शकतो. आणि घरात धोकादायक वाटणारी वस्तू मराठी माणूस कुठे ठेवतो, तर बाल्कनीत.

बिन ओमरानमधला माणूस फारच नेटका असला तर तो हे सगळं पिशवीत बांधून इमारतीखालच्या कचरापेटीत टाकतो. तिथून पुढे बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, गाडी येते आणि प्रश्न मिटतो, म्हणजे दिसेनासा होतो. दोह्याच्या दक्षिणेला मेसईद इथे घरगुती घनकचऱ्याचं मोठं केंद्र 2011 पासून चालू आहे. तिथे कचरा वेगळा काढला जातो, काहीचं खत होतं आणि उरलेला जाळून वीज केली जाते. केंद्र आधुनिक आहे, धूर गाळणारी यंत्रणाही आहे. पण पाऱ्याचा दिवा आणि दह्याचं रिकामं भांडं एकाच पिशवीतून आल्यावर त्यांना वेगळं करण्याचा खर्च कुणाला तरी येतोच. हा खर्च येतो नगरपालिकेला, म्हणजे सगळ्यांना. ज्याने आयुष्यात सीएफएल घेतला नाही, तोही त्यात वाटेकरी. फक्त ज्याने तो बनवला आणि ज्याने तो विकून नफा कमावला, ते दोघे वाटणीच्या वेळी घरी नसतात.

उत्पादकाचं हे वागणं लग्नाला पहिल्या पंक्तीला बसणाऱ्या आणि दवाखान्याचं बिल निघालं की गावाला गेलेल्या काकांसारखं आहे. वस्तू घरात येईपर्यंत तो हरप्रकारे हजर असतो: जाहिरातीत, सवलतीत, मोफत घरपोच सेवेत. घरपोच सेवा एकाच दिशेने का धावते, हा प्रश्न धोरण म्हणून नीट मांडला गेला तो स्वीडनमध्ये. लुंड विद्यापीठातल्या टॉमस लिंडक्विस्ट यांनी 1990 मध्ये स्वीडनच्या पर्यावरण खात्यासाठी लिहिताना उत्पादकाची जबाबदारी विक्रीपाशी न थांबवता वस्तूच्या शेवटापर्यंत वाढवावी, अशी कल्पना मांडली. तिचं सरकारी मराठी विस्तारित उत्पादक जबाबदारी असं आहे आणि ते उच्चारताना उत्पादकाला दम लागो न लागो, वाचकाला लागतो. कल्पनेमागचा डाव साधा आहे. विल्हेवाटीचा खर्च उत्पादकाच्या वहीत लिहिला की तो आपोआप शहाणा होतो: कमी विष घालतो, सुटी होणारी बॅटरी बसवतो, डबा लहान करतो. खर्च नगरपालिकेच्या वहीत राहिला, तर त्याला शहाणं होण्याचं काही कारण उरत नाही. जर्मनीने 1991 मध्ये वेष्टनांपासून सुरुवात केली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1994 मध्ये उरलेल्या रंगाची जबाबदारी रंगवाल्यांवर टाकली, आणि दोन बोटं उरलेल्या ऑइलपेंटच्या डब्याला कुणीतरी वाली मिळाला.

एवढी दूरची उदाहरणं द्यायचं खरं तर कारण नाही. मराठी घरात एक महाघातक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदते आहे आणि तिच्याबाबतीत हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही: गॅसचा सिलिंडर. इतका स्फोटक पदार्थ घरोघर असूनही महाराष्ट्रातल्या कुठल्याही उकिरड्यावर बेवारस सिलिंडर पडलेला दिसत नाही. त्यासाठी कुणी जनजागृतीच्या फेऱ्या काढल्या नाहीत, शाळेत चित्रकलेच्या स्पर्धा घेतल्या नाहीत. सिलिंडर कंपनीचा आहे, त्यावर अनामत भरलेली आहे आणि रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही, संपला विषय. अनामतीची पावती तर घरात सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवलेली असते. बिन ओमरानमध्येही हेच. वुकूद या कतारी इंधन कंपनीचा शफाफ सिलिंडर अर्धपारदर्शक असल्याने आत किती गॅस उरला ते बाहेरून दिसतं. सिलिंडर हलवून ‘अजून दोन दिवस जाईल’ असा अंदाज बांधण्याची कला त्यामुळे दोह्यात लोप पावत चालली आहे, पण रिकामा देऊन भरलेला घेण्याचा रिवाज अबाधित आहे. पिण्याच्या पाण्याचे मोठे बुधलेही असेच परत जातात. रिकामा बुधला कापून त्यात मनीप्लांट लावण्याचा मोह एकाही गृहिणीला होत नाही, कारण त्यावर पैसे अडकलेले आहेत.

गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही तसंच. आत शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल असा जहाल ऐवज असूनही जुनी बॅटरी बाल्कनीत सडत नाही, कारण नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात. जर्मनीत 1998 पासून गाडीच्या बॅटरीवर अनामत आहे. जुनी परत न देता नवी घेणाऱ्याला साडेसात युरो जादा मोजावे लागतात. भारतातही 2001 च्या नियमांनी विक्रेत्यांना जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्या परत घ्यायला सांगितलं आणि तिसऱ्या वर्षापासून नव्वद टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. बॅटऱ्या गोळा झाल्या, यात शंका नाही. त्यातल्या बऱ्याच मात्र कारखान्याऐवजी वस्तीतल्या भट्टीत गेल्या, कारण तिथे दोन पैसे जास्त मिळत होते. म्हणजे पैशाने वस्तू घराबाहेर निघते एवढं सिद्ध झालं. ती योग्य दारात पोचते का, हे पाहायला कुणीतरी दारात उभं राहावं लागतं.

जिथे अनामत नाही तिथे काय होतं, याचं मराठी मुलखातलं सर्वांत झणझणीत उदाहरण पुण्याचं आहे. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना 1993 ची. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागले. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर उघडेच कचऱ्यात टाकणं ही पुणेरी सभ्यतेत बसणारी गोष्ट होती, कारण ते हाताने वेगळे करणारा माणूस टाकणाऱ्याला दिसत नव्हता. संघटनेने कंपन्यांना पत्रं लिहिली. प्लास्टिक कचऱ्याच्या 2011 च्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेलीच होती. मागणी फक्त ती पार पाडण्याची होती. कंपन्या पत्रांनी हलल्या नाहीत. मग 2013 मध्ये ‘परत पाठवा’ अशी मोहीम निघाली आणि वापरलेल्या नॅपकिनांच्या पिशव्या भरून थेट मोठ्या उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांना पाठवण्यात आल्या. ‘आपला माल आपल्याकडे’ हे तत्त्व इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या तीव्र वासासह यापूर्वी कुठल्या कॉर्पोरेट कार्यालयात पोचलं नसेल. जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवणाऱ्यांना खरा रंग पाहण्याची ही संधी होती.

परिणाम झाला, पण सरकारी गतीने. 2016 च्या नियमांत प्रत्येक नॅपकिनबरोबर तो गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन देण्याची तरतूद आली. तोवर कचरा वेचणाऱ्या बायकांनी वर्तमानपत्राच्या कागदी पिशव्या स्वतः बनवून विकायला सुरुवातही केली होती, आणि नंतर पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीमही पुण्यात चालली. हजारो कोटींची उलाढाल असणाऱ्यांना जे अवघड वाटत होतं, ते रद्दी आणि खळ यांच्या भांडवलावर सुरू झालं होतं. मुंबई महापालिकेने 2025 मध्ये अशा कचऱ्यासाठी वेगळी गोळा करण्याची सेवा आणली. बिल मात्र अजूनही प्रामुख्याने शहराच्याच खिशातून जातं.

पुण्याचा हा इलाज बिन ओमरानमधून करायचा म्हटलं, तर आधी विमान कंपनी आडवी येते. फुगलेली पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात न्याव्या लागतात आणि खराब झालेल्या तर तिथेही नाही. झुरळांचा फवारा विषारी आणि ज्वलनशील, म्हणून दोन्हीकडे मज्जाव. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर पारा विमानाचं ॲल्युमिनियम खातो, म्हणून त्याच्यावर बंधनं. रंगाचा डबा तर दिसताच काढून घेतात. ‘सगळं चालेल हो’ म्हणणारा कार्गोवालाही या वस्तूंपाशी आल्यावर तुपाचे डबे मोजू लागतो. थोडक्यात, विमानतळावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला जी वस्तू चारशे माणसांच्या जवळ नको असते, ती वस्तू बिन ओमरानच्या कपाटात बाळाच्या दुधाच्या डब्याशेजारी असते. वस्तूचं घातकपण कुणी ठरवायचं असा वाद निघाला, तर वैमानिकाचं मत ग्राह्य धरावं.

ज्यांना हे माहीत असतं ते दुसरा मार्ग धरतात: जुनी उपकरणं गावी देऊन टाकणं. चार वर्षं वापरून थकलेला मोबाइल सुट्टीत पुतण्याला भेट म्हणून जातो. त्यात दानशूरपणा किती आणि कचरा निर्यात किती, याचा हिशोब दोन्ही बाजू सौजन्याने टाळतात. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर ढकलू नये म्हणून 1989 चा बाझल करार आहे, पण काकाने पुतण्याला दिलेल्या मोबाइलपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

पुतण्याच्या हाती मोबाइल मेला की तो भारताच्या कायद्याखाली येतो, आणि तिथे कागदावर कमतरता काहीच नाही. ई-कचऱ्याचे नियम 2011 मध्ये आले, 2012 च्या मेपासून लागू झाले. 2016 मध्ये नवे आले, 2022 मध्ये पुन्हा नवे. सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांसाठीही 2022 मध्ये स्वतंत्र नियम झाले. या व्यवस्थेत उत्पादकाने स्वतः कचरा वेचायचा नसतो. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून तितक्या वजनाची प्रमाणपत्रं विकत घ्यायची असतात. पाप एकाने करायचं आणि प्रायश्चित्ताची पावती दुसऱ्याकडून फाडून घ्यायची, ही पद्धत या देशाला नवी नाही. म्हणूनच ती रुळायला वेळ लागला नाही, आणि बिघडायलाही. प्लास्टिकच्या बाबतीत 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार प्रक्रियादारांकडून निघालेली सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रं सापडली. कचरा जागच्या जागी, प्रमाणपत्रं मात्र पुनर्वापरासाठी तयार. ई-कचऱ्याची प्रमाणपत्रं फार स्वस्तात विकली जातात असं दिसल्यावर सरकारने 2024 मध्ये घरगुती उपकरणांसाठी किलोमागे किमान 22 रुपये दर ठरवून दिला. त्यावर एसी-टीव्ही बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. चाळीस हजारांचा एसी विकताना ‘किंमत नाही, आयुष्यभराचं नातं’ असं म्हणणाऱ्यांना त्या नात्याचे किलोमागे बावीस रुपये जड झाले.

औषधांचं प्रकरण याहून नाजूक आहे. पुण्याच्या दुकानातून घेतलेली, हिमाचलातल्या बद्दीच्या कारखान्यात बनलेली आणि बिन ओमरानच्या बेडसाइड टेबलात मुदत संपलेली गोळी नेमकी कुणाची, यावर दोन राज्यं आणि दोन देश हात झटकू शकतात. ती संडासात ओतली की सांडपाण्यात जाते आणि कचऱ्यात टाकली की भलत्याच्या हाती लागू शकते. काही वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं कतारमध्ये नियंत्रित यादीत असल्याने त्यांचा साठा हा नुसता कचऱ्याचा प्रश्न राहत नाही, तो चौकशीचाही होऊ शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अलामीडा काउंटीने 2012 मध्ये औषध कंपन्यांनीच स्वखर्चाने जुनी औषधं परत गोळा करावीत असा कायदा केला. कंपन्यांनी त्याविरुद्ध घटनात्मक लढाई उभारली, 2014 मध्ये अपिलात हरल्या आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फिर्याद ऐकूनच घेतली नाही. वकिलांवर झालेल्या खर्चात किती गोळ्या गोळा झाल्या असत्या, याचा हिशोब कंपन्यांनी प्रसिद्ध केलेला नाही. केरळ सरकारने 2025 मध्ये कोळिक्कोडमध्ये घरातली न वापरलेली औषधं गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. त्यामुळे बिन ओमरानच्या लिफ्टमध्ये केरळी नर्सबाईंकडे या विषयावर सांगण्यासारखं काहीतरी असतं. मराठी गृहस्थ त्या वेळी पॅनलवरचे आकडे वाचतो.

कतारमध्ये ही जबाबदारी टाकायची म्हटली तर पहिला आक्षेप असा निघतो की, इथे उत्पादक आहेच कुठे? सेल चीनचा, फवारा कुठल्या तरी तिसऱ्याच देशातला, गोळी भारतातली. आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही. बहुतेक कायद्यांत, भारताच्याही, जो आयात करतो तो उत्पादकच मानला जातो. आणि आयातीवर नजर ठेवणं कतारइतकं क्वचितच कुणाला सोपं असेल. माल येण्याच्या वाटा मोजक्या, त्यातली मुख्य म्हणजे 2016 च्या अखेरीस चालू झालेलं हमद बंदर; आयातदार नोंदलेले; दुकानांच्या साखळ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. घरगुती विजेच्या उपकरणांना आखाती देशांचं जी-मार्क हे सुरक्षेचं चिन्ह घेतल्याशिवाय आत येता येत नाही. आत येताना कागद तपासणाऱ्या टेबलाला बाहेर जाण्याच्या खर्चाचा एक रकाना वाढवणं अशक्य नाही. इच्छा असली की या देशाला वेळ लागत नाही हेही दिसलेलं आहे: एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी 15 नोव्हेंबर 2022 ला लागू झाली, फुटबॉलच्या विश्वचषकाच्या बरोबर पाच दिवस आधी. मराठी घरांतल्या पिशव्यांच्या पिशवीला त्या दिवशी अचानक पुराणवस्तूचा दर्जा मिळाला.

खर्च केव्हा घ्यायचा, यातच खरी गोम आहे. जपानने 2001 पासून एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांच्या विल्हेवाटीचे पैसे टाकताना घ्यायला सुरुवात केली. जपानी शिस्तीचा माणूसही फुकटात टाकायची जागा शोधू लागला आणि रानावनात बेवारस टीव्ही सापडले. मराठी माणसाकडून टाकण्याचे पैसे मागितले तर तो टीव्ही रानात टाकणार नाही. तो घरातच ठेवेल आणि वर फुलदाणी ठेवेल. म्हणून पैसे विकतानाच घेतलेले बरे, आणि त्यातले थोडे परत देताना हातावर ठेवलेले त्याहून बरे. पॉवर बँकेवर दहा रियालची अनामत ठेवली, तर बिन ओमरानमधली एकही पॉवर बँक फुगेपर्यंत घरात राहणार नाही. ज्यांच्याकडे कधी नव्हतीच असे लोकही कुठून तरी पैदा करून काउंटरवर हजर होतील. बॅटरीवर छापलेलं फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र आज फक्त कुठे टाकू नये एवढं सांगतं. कुठे टाकावं हे सांगायला चित्राला जागा पुरत नाही आणि दुकानाला उत्साह पुरत नाही.

वस्तूच्या रचनेवरही दट्ट्या हवा. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमांनुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून उपकरणातली लहान बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. मिनामाता कराराने पाऱ्याच्या थर्मामीटरला 2020 ची आणि लहान सीएफएलना 2025 ची मुदत घालून दिली. जे बनणारच नाही त्याच्या विल्हेवाटीवरून भांडण उरत नाही. मात्र आधीच बनलेलं आणि आधीच विकलेलं सगळं वरच्या कप्प्यात शाबूत आहे, आणि त्याच्या आयातदारांपैकी काहींची दुकानं आता शावर्मा विकतात.

आयातदाराचा माणूस दारात येईपर्यंत घरच्यांनी करण्यासारखं थोडं आहे. जुन्या लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. ब्लीच आणि संडासचं आम्ल एकाच बादलीत ओतू नये, त्यातून विषारी वायू निघतो. मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढून जवळच्या औषधाच्या दुकानात परत घेतात का, ते विचारावं. नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानात विचारावं, कारण चार जणांनी विचारल्याशिवाय दुकानदार वितरकाला विचारत नाही. नवी पॉवर बँक घेताना काउंटरवर जुनी ठेवून ‘ही घेणार का?’ एवढं तरी म्हणावं. आणि फुगलेली असेल तर ती बाल्कनीतून आजच आत आणून, पेट घेण्यासारखं काही जवळ नसलेल्या गार जागी ठेवावी.